अर्ध्या पट्ट्यांचा खेकडा

मासळी बाजाराच्या शेवटच्या गाळ्यात दोन साडू शेजारी शेजारी बसून खेकडे विकत. मध्ये एक लाकडी फळी. फळीच्या डावीकडे थोरले साडू आणि त्यांचे पायांवर पांढरे पट्टे असलेले खेकडे, उजवीकडे धाकटे आणि त्यांचे बिनपट्ट्याचे काळे. ही वाटणी सासऱ्यांनी करून दिलेली. "जावई दोन, खेकडेही दोन तऱ्हेचे. एकमेकांच्या टबात हात घालू नका, म्हणजे माझ्या मुलींना सुखाने बोलता येईल," असं सांगून म्हातारा निवांत झाला. आणि खरोखरच, दोघी बहिणी मागे बसून खेकडे धूत दिवसभर बोलत असत.

थोरल्यांना पट्ट्यांचा अभिमान असा, की जणू ते त्यांनीच घरी बसून रंगवले होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला खेकडा उचलून दाखवत ते म्हणत, "पट्टा मागून मिळत नाही, तो घराण्यात असावा लागतो."

"दादा, तुम्ही या घराण्यात आलात तेव्हा सिमेंटच्या गोदामात पोती मोजत होतात," धाकटे फळीपलीकडून आठवण करून देत.

थोरल्यांचं मोठं गिऱ्हाईक एकच, बंदराजवळच्या हॉटेलाचा आचारी. दर आठवड्याला भरलेली पाटी नेई, पण अट एकच: सगळे पट्ट्याचे हवेत. एकही वेगळा निघाला तर तो पलीकडच्या बाजारात जाणार होता. आणि तो गेला तर पुढे काय, हे थोरल्यांच्या बायकोने स्वच्छ सांगून ठेवलं होतं. "मग धाकट्या भाऊजींच्या टबात पाणी ओतायला बसा." ही कल्पना थोरल्यांना झोपेतही घाम फोडत असे.

बोटीवरून आलेला माल निवडण्याचं काम नेहमी धाकट्यांकडे. पण त्या दिवशी त्यांची दाढ काढायची होती, म्हणून थोरले स्वतः धक्क्यावर गेले. पाटीत हात घातला आणि एक खेकडा वर आला. त्याच्या पायांवर पट्टे होते, पण निम्म्यापर्यंतच. पुढे पाय काळे कुळकुळीत. पाठ आपल्या खेकड्यांसारखी गुळगुळीत, नांग्या मात्र धाकट्यांच्या खेकड्यांसारख्या खडबडीत.

चिखल असेल म्हणून थोरल्यांनी त्याला ब्रशने घासलं. पट्टे वाढले नाहीत. खेकड्याने अंगठा तेवढा धरला. मग तसाच दुसरा निघाला, तिसरा निघाला.

धाकटे गालावर हात धरून गाळ्यात शिरले, तोच थोरले कडाडले, "तुझ्या खेकड्यांनी माझं घर बाटवलं!"

न विकलेला माल दोघेही धक्क्याखालच्या एकाच पिंजऱ्यात ठेवत. त्यातली मधली फळी कुजली होती आणि ती बदलायची पाळी धाकट्यांची होती; तिथूनच पिल्लं समुद्रात गेली, असं थोरल्यांनी ठरवून टाकलं.

"माझेच कशावरून?" सुजलेल्या गालातून धाकटे म्हणाले. "तुमचेच आले असतील इकडे. माझे गरीब आहेत, बोलावल्याशिवाय कुठे जात नाहीत."

पळून गेलेल्या पोरापोरीचे बापही इतके भांडले नसते. तेवढ्यात खेकड्यांची मापं घ्यायला नेहमी येणाऱ्या सागरसंस्थेतल्या बाई आल्या. त्यांनी खेकडा उलटा केला, मोजपट्टी लावली आणि आनंदाने म्हणाल्या, "वा! हा दोन्हीकडचा आहे."

"म्हणजे पिंजऱ्यातल्या फळीमुळेच ना, मॅडम?" थोरल्यांनी विचारलं.

"छे हो. हे समुद्रातच होतं. मादी कात टाकते तेव्हा मऊ असते. नर तिला पोटाशी धरून सांभाळतो. आपल्यातला नर जवळ नसला तर शेजारचा चालतो. पिल्लं पुढे कित्येक दिवस पाण्यात वाहत असतात, तुमच्या पिंजऱ्यात थोडीच वाढतात! दोन्ही तऱ्हा एकत्र राहतात तिथे हे पूर्वीपासून होत असणार."

"मग मला इतकी वर्षं एकही कसा दिसला नाही?"

धाकटे एकदम दाढेकडे लक्ष देऊ लागले. मागून मेव्हणीला मात्र हसू आवरेना.

"दिसले ना, भाऊजी! तुम्ही घर डोक्यावर घ्याल म्हणून आमचे हे तसले खेकडे धक्क्यावरच बाजूला काढायचे. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येता, तेव्हा ताटात कोण असतं?"

थोरल्यांच्या डोळ्यांसमोर ते ताट आलं. शिजल्यावर सगळेच लाल. रविवारमागून रविवार त्याच ताटावर बोटं चाटत त्यांनी सांगितलं होतं, "ही चव पट्ट्याशिवाय येणं नाही." दरवेळी दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं होतं.

समोर आचारी उभा राहिला. "मालक, माझी पाटी?"

पाटी अर्धीच भरली होती. धाकटे कानाशी लागले, "दादा, हे तळाला घाला. कळायचं नाही."

थोरल्यांनी घाम पुसला. एकदा उजवीकडच्या टबाकडे पाहिलं. मग अर्ध्या पट्ट्यांचे खेकडे उचलून सरळ पाटीच्या वर ठेवले.

"हे दोन्हीकडचे आहेत. मी लपवणार नाही."

आचाऱ्याने भुवया चढवल्या. "आणि चवीला?"

मागे बहिणींचं बोलणं थांबलं, आणि असं सहसा होत नसे. वाईट म्हणावं, तर मेव्हणी मागे बसलेली. चांगलं म्हणावं, तर पट्ट्याचं जन्माचं व्याख्यान पाण्यात.

"चवीला," थोरले ताठ बसत म्हणाले, "अस्सल पट्ट्याचे. यांचे उरलेले पट्टे आत असतात."

आचारी इतका हसला की पाटी खाली ठेवावी लागली. "एवढं खरं बोललात, तर घेऊन बघतो," म्हणत त्याने ती पुन्हा उचलली. पुढच्या आठवड्यात येऊन त्याने विचारलं, "ते आतल्या पट्ट्यांचे आहेत का आणखी?"

"आहेत ना!" धाकट्यांनी हात पुढे केला. "पण दादा, हे कुणाच्या बाजूचे?"

"पट्टा आत असला तरी पट्टाच. माझे."

"आणि रविवारी?"

"रविवारी तुझ्याकडे येऊन खाणार. झाली वाटणी," थोरले म्हणाले आणि फळीवर चढू पाहणाऱ्या एका अर्धपट्ट्याला त्यांनी हलकेच आपल्याकडे ओढून घेतलं.