विमलअक्कांच्या वासाच्या नळ्या

विमलअक्का कुठलीही वस्तू आधी नाकाजवळ न्यायच्या आणि मग बघायच्या. मेथीची जुडी, पोस्टातून आलेलं पाकीट, कपाटातून काढलेली साडी, शेजारणीनं आणून दिलेली वाटीभर खीर, सगळ्यांची पहिली तपासणी नाकानं. त्यांची वास घ्यायची पद्धतही ठरलेली होती. एक नाकपुडी बोटानं दाबायची, डोळे मिटायचे, एकदाच हलका श्वास घ्यायचा आणि मान बाजूला वळवायची. कुणी जोरजोरात हुंगायला लागलं की त्या म्हणायच्या, "अहो, तो काय पळून जातोय का? येऊ द्या त्याला त्याच्या पायानं."

आमची ओळखही अशीच झाली. जळगावात काष्ठौषधींच्या एका दुकानात मी पुदिन्याच्या तेलाची बाटली घेऊन पैसे देत उभी होते. शेजारी उभ्या असलेल्या, साठी उलटलेल्या एका बाईंनी माझ्या हातातली बाटली सरळ काढून घेतली, झाकण उघडलं, डोळे मिटले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, हे फोडलेलं आहे. वरून भर घातलीय कुणीतरी. बाईंना दुसरं द्या." दुकानदार आत गेला आणि दुसरी बाटली घेऊन आला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "काय करते माय, एवढ्या पुदिन्याचं?"

मी तेव्हा शाळेतली नोकरी सोडून घरी होते. सुगंधोपचाराचा एक घरबसल्या करायचा अभ्यासक्रम पुरा केला होता, प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर टांगलं होतं, आणि पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. हे सगळं मी त्या दुकानाच्या पायरीवरच त्यांना सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "प्रमाणपत्र चांगलं आहे. पण त्याला वास नाही. उद्या घरी ये."

अक्का मूळच्या शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्याच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यातली बरीच वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात. घाबरलेल्या बाईला नाव विचारण्याआधी त्या ओव्याची छोटी पुरचुंडी हुंगायला द्यायच्या. कळा त्यानं थांबत नाहीत, हे त्यांना कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. "पण बाई क्षणभर कळ विसरून ओव्याकडे बघते ना, तेवढ्यात मी तिचा हात धरून घेते," असं त्या सांगायच्या. निवृत्त झाल्यावर पुरचुंडीच्या जागी नळ्या आल्या. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, तिच्यात कापसाची वात, वातीवर तेलाचे थेंब, खालून बूच आणि वरून झाकण. वाटेल तेव्हा पर्समधून काढायची आणि नाकाशी धरायची.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी हे काम शिकले. दुपारी भांडी आवरली की अक्का ओटा पुसायच्या, वर जुनं वर्तमानपत्र अंथरायच्या आणि बाटल्या मांडायच्या. निलगिरी, पुदिना, लवंग, संत्र्याची साल, गवती चहा, लॅव्हेंडर. थेंब मोजताना बोलायची बंदी होती. पंधरा म्हणजे पंधरा. मी एकदा अंदाजानं दोन जास्त टाकले, तर त्यांनी ती वात चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली. "हे डाळीत हिंग टाकणं नाही," म्हणाल्या. नळी भरली की तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर आत काय आहे, कधी भरलं आणि कुणासाठी भरलं ते लिहायचं. या 'कुणासाठी'चा मला कंटाळा यायचा. मी म्हटलं, "अक्का, सर्दीची ती सर्दीची. कुणी का घेईना." त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

वर्षभरात मी बरी तयार झाले. महिला बचत गटांचं एक प्रदर्शन शहरात भरणार होतं, त्यात मी टेबल घेतलं. साठ रुपयाला एक नळी. झोपेची, प्रवासात मळमळण्याची, परीक्षेच्या ताणाची, सर्दीची. पहिल्याच दिवशी निम्म्या संपल्या. मी इतकी खूश होते की संध्याकाळी उरलेल्या नळ्या पिशवीत घालून तशीच अक्कांकडे गेले आणि कुणी काय घेतलं ते रंगवून सांगायला लागले. बोदवडच्या एका आजींचीही गोष्ट सांगितली. नातवाला सर्दी झालीय म्हणून त्यांनी निलगिरी, पुदिना आणि कापूर घातलेली नळी घेतली होती, आणि पाचशेची नोट मोडायला मला शेजारच्या टेबलावर जावं लागलं होतं.

"नातू केवढा?" अक्कांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. आठवायला लागले. आजी म्हणाल्या होत्या की तो आता कुठं धरून धरून चालायला लागलाय.

अक्कांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे वर्षाचा. फार तर सव्वा," त्या म्हणाल्या, आणि मग राग आला की यायची तशी त्यांची गावाकडची अहिराणी बोली आली. "तुले काही समजस का? एवढासा पोऱ्याना नाकले कापूर लावतस का?" मग दम खाऊन त्यांनी समजावून सांगितलं. इतक्या लहान लेकराच्या नाकाशी कापूर आणि पुदिन्याचा उग्र अर्क नेला तर त्याचा श्वास आखडू शकतो. मी हे शिकले होते. परीक्षेत त्यावरचा प्रश्न सोडवलाही होता.

फोन नंबर नव्हता. आजींनी बोलता बोलता एवढंच सांगितलं होतं की स्टेशनजवळ पिठाची गिरणी आहे, तिच्या मागे आमचं घर. अक्कांनी चप्पल घातली. आम्ही रिक्षानं स्टेशनवर आलो आणि मिळाली ती गाडी धरली. बोदवड येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. शेवटी म्हटलं, "अक्का, आपण सांगू की नळ्यांची अदलाबदल झाली. चुकून मोठ्यांची नळी गेली."

"अदलाबदल झाली का?"

"नाही."

"मग?"

बोदवड आलं.

गिरणी बंद होत होती. मागचं घर लगेच सापडलं. आजी दारातच ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मला ओळखून त्या उठल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं वो बाई? पैसे कमी दिले का मी?"

अक्का पुढे झाल्या. "पैशाचं काही नाही ताई. बाळ कुठंय?"

बाळ आईच्या मांडीवर होतं. डोळे लाल, रडून थकलेलं. सून म्हणाली की मघाशी नळी नाकाशी धरली तर ते एकदम ठसकलं, निळंकाळं झाल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं नळी फेकून दिली. अक्कांनी बाळाला उताणं निजवलं, झबलं वर केलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत एक मिनिट त्याच्या छातीकडे टक लावून बसल्या. मग त्यांनी बाळाचे ओठ बघितले, नखं बघितली, पाठीला कान लावला. "आत्ता श्वास बरा चाललाय," त्या म्हणाल्या, "पण डॉक्टरनं बघितल्याशिवाय मी इथून जायची नाही." आणि तशाच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांग त्यांना."

मी सांगितलं. लेकराचं वय मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, ही नळी इतक्या लहान बाळासाठी नव्हती. सुनेनं बाळ उचलून घेतलं. आजी म्हणाल्या, "मले वाटलं, सर्दीची म्हनली त सर्दीचीच राहीन." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

गावातल्या डॉक्टरांकडे आम्ही सगळेच गेलो. त्यांनी बाळाला तपासलं, अर्धा तास बसवून घेतलं आणि काळजीचं काही नाही म्हणाले. त्यांनी मला चार शब्द सुनावले, ते मी मान खाली घालून ऐकले. परतताना आजींनी आम्हाला चहा घ्यायला लावला.

गाडीत मी अक्कांना म्हटलं, "मी हे काम सोडते."

मला वाटलं होतं त्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "सोडायचं तर सोड. पण विकलेल्या बाकीच्या नळ्याही तुझ्याच आहेत. त्या कुणाकुणाकडे गेल्या, कुणाचं लेकरू लहान आहे, कोण दम्याचं आहे, ते कोण शोधणार?" आणि जळगाव यायच्या आधी म्हणाल्या, "उद्या नऊला ये. प्रदर्शनात जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी आठवून आठवून माणसं शोधली. बचत गटाच्या बायकांनी मदत केली. बहुतेक सगळी सापडली. मग अक्कांनी एक कोरी वही काढली आणि मला प्रश्न लिहायला लावले. वय काय. घरात लहान लेकरू आहे का. दिवस गेलेत का. दमा, फिट, रक्तदाब. कुठल्या गोळ्या चालू आहेत. झोप कशी लागते. कुठला वास सहन होत नाही. आणि मग, हे दुखणं कधीपासून, तेव्हा घरात काय चाललं होतं. प्रश्न दोन पानं झाले. मी म्हटलं, "साठ रुपयांच्या नळीसाठी एवढं कोण विचारणार?"

"तेच," अक्का म्हणाल्या. "तू नळीचा भाव ठरवला. विचारण्याचा भाव ठरवलाच नाही. फुकटाचं होतं, म्हणून तुझ्याकडून राहून गेलं."

त्या वाक्यानं माझा धंदा उभा राहिला, असं मी आजही म्हणेन. तोवर कुणी सल्ला विचारला की मी तास तास बोलायची आणि पैशाचं निघालं की "तुमच्या मनानं द्या" म्हणायची. अक्कांनी मला भाव ठरवायला शिकवलं. नळी, वात, तेल, चिठ्ठी, फुकट गेलेला माल, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला माझा वेळ, म्हणजे समोर बसून बोलण्याचा पाऊण तास, नंतर मिश्रण ठरवण्याचा अर्धा तास आणि आठवड्यानं चौकशी करण्याचा फोन. "शाळेत तासाला काय पडत होतं तुला? त्याच्या खाली उतरू नको. आणि एक भाव ठरला की माणूस बघून तो बदलू नको. ज्याला खरंच जमत नसेल त्याच्याकडून काहीच घेऊ नको, पण अर्धे घेऊन उपकार करू नको." पाचशे रुपये आकडा ठरला. तो मी पाटीवर लिहून प्रमाणपत्राशेजारी लावला.

पहिलेच गृहस्थ धुळ्याहून आले. निवृत्त मास्तर होते, रात्री छाती भरून येते म्हणाले, झोपेची नळी हवी होती. अक्का कोपऱ्यात निवडणं निवडत बसल्या होत्या. मी वहीतले सगळे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हटलं, "तुम्हाला मी नळी देणार नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा." त्यांनी पाटीकडे बघितलं. "म्हणजे काही दिलं नाही, आणि पैसे?" मी मदतीसाठी अक्कांकडे बघितलं, तर त्या निवडणं निवडतच होत्या. मग मीच म्हटलं, "हो नाना. तुमचा पाऊण तास गेला, माझाही गेला." त्यांनी पैसे ठेवले आणि निघून गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती, आता बरे होते. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं," आणि भाजीला फोडणी दिली.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांच्या पोटात गाठ निघाली. लेक धुळ्याला होती, ती त्यांना घेऊन गेली. मी दर पंधरा दिवसांनी एसटीनं जायची. केमोच्या दिवसांत त्यांना कसलाच वास चालत नव्हता. लेकीनं केसांना लावलेलं तेल नको, उदबत्ती नको, फोडणी तर नकोच. खिडकीजवळ खाट होती आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. मी प्रत्येक वेळी बाटल्यांची पेटी नेत होते. लिंबाच्या सालीचं, आल्याचं, काहीतरी सहन होईल म्हणून.

शेवटच्या खेपेला मी वही काढली आणि त्यांना सगळे प्रश्न विचारले. त्या हसल्या, पण उत्तरं देत गेल्या. झोप नाही. जेवण नाही. कुठला वास सहन होत नाही, इथं आल्यावर त्या थांबल्या.

"दवाखान्याचा," त्या म्हणाल्या. "स्पिरिटचा."

मग त्या दिवशी त्या फक्त अहिराणीत बोलल्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या वासानं त्यांना उलटी झाली होती, आणि सामानाच्या खोलीत पोत्यांमागे लपून त्या रडल्या होत्या. वयानं मोठ्या एका सिस्टरांनी त्यांना शोधून काढलं, पण बाहेर ओढलं नाही, त्या नुसत्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. हे त्यांनी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. "मी तीस वरीस त्याच वासमा काढात," त्या म्हणाल्या. "आते सुई लावतस तव्हय तोच वास येस, आनि माले भ्याव वाटस. नर्स शे मी. कोनले सांगू?"

मी वही मिटली. पेटी खाटेखाली सरकवली, खुर्ची सोडून खाटेजवळ फरशीवर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. त्या बोलत राहिल्या. पहिल्या पगाराचं, वॉर्डातल्या बायकांचं, एका जुळ्यांच्या बाळंतपणाचं. लेक दोनदा येऊन बघून गेली. शेवटची एसटी चुकू नये म्हणून मी उठले तेव्हा त्यांना डोळा लागला होता.

त्यानंतर आठवड्यात त्या गेल्या. त्या शेवटच्या भेटीत मी पेटीतली एकही बाटली उघडली नव्हती.