आधी फेरी, मग पोहे

साऱ्या जगाच्या लेखी बिदर हे आता कर्नाटकाच्या वरच्या टोकाचं एक जिल्ह्याचं गाव आहे. एकटे माझे थोरले साडू सोडले, तर हे सत्य सगळ्यांनी मुकाट्यानं मान्य केलेलं आहे. साडूंच्या मते बिदर ही आजही राजधानी आहे. कुणाची, असं विचारायचं नाही. मी उदगीरच्या कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत ते विचारून बसलो होतो. "अण्णा, राजधानी हलून शतकं लोटली की," असंही वर म्हणालो होतो. साडूंनी माझ्याकडे, शाळेला उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "राजे गेलेत, पाव्हनं. राजधानी कुटं जाती? हितंच हाय. बुटं घाला, दावतो." मी नुकताच बसमधून उतरलो होतो, पोटात कावळे ओरडत होते आणि आतून फोडणीचा वास येत होता. पण मेव्हणीनं, म्हणजे आमच्या अक्कानं, स्वयंपाकघराच्या दारातून मला नुसती मान हलवून दाखवली. या घरात आलेल्या माणसाला चौबाऱ्याची फेरी पायी घातल्याशिवाय ताट मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

चौबारा म्हणजे जुन्या बिदरच्या मधोमध, चार रस्ते मिळतात तिथं उभा असलेला उंच, गोल बुरूज. साडूंचं घर त्याच्या मागच्या बोळात. त्यांच्याबरोबरीच्या मास्तरांनी केव्हाच गावाबाहेर नौबादला प्लॉट घेऊन बंगले बांधले, गेटाजवळ जास्वंद लावली. साडूंनाही एक प्लॉट स्वस्तात मिळत होता. ते बघून आले आणि अक्काला म्हणाले, "उभं ऱ्हायलं तर चौबारा दिसत न्हाई. ते घर कसलं? ती तर वसती." विषय संपला. अक्कानं पुढं कित्येक वर्षं बोळातल्या ट्रकच्या धुळीबद्दल त्यांना ऐकवलं, पण साडू जाग्यावरून हलले नाहीत.

ते पी.टी.चे मास्तर होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. फेरीला निघाले की पाहुण्यांना रांगेत उभं करणार, डोकी मोजणार, शिट्टी मारणार आणि रस्ता ओलांडताना हात आडवा करून रिक्षा, मोटारसायकली, एकदा तर पोलिसांची जीपसुद्धा थांबवणार. कुणी मागं रेंगाळलं तर तोंडानं 'हुर्र, हुर्र' असा आवाज काढणार. हा आवाज शाळेतला नव्हे, त्यांच्या मूळ गावचा, जनवाड्याचा. त्यांचे वडील जनवाड्याहून मेंढरं हाकत बिदरच्या बाजाराला यायचे आणि विकण्याआधी सगळा कळप घेऊन चौबाऱ्याभोवती एक फेरी घालायचे. देवाला मेंढरं ओवाळून आणायची रीत असते, तीच त्यांनी बुरुजाला लावली होती. "बाप म्हनायचा, मेंढराला बी कळू दे, आपुन राजधानीत आलाव म्हनून," असं साडू सांगत. आता मेंढरांच्या जागी आम्ही होतो, इतकाच फरक.

फेरीत ते जो इतिहास सांगत, तो मी इतर कुठंही वाचलेला नाही, आणि वाचण्याची शक्यताही नाही. बुरुजाशी थांबून ते वर बोट करत. "हितून शत्रू दिसायचा. पार तिकडं मंठाळ गावाला च्या प्यायला थांबला तरी दिसायचा." मी एकदा म्हणालो, "अण्णा, त्या काळी इकडं चहा नव्हता." साडू थांबले. सगळी रांग थांबली. "तुमी होताव का तवा?" ते म्हणाले. हा त्यांचा ब्रह्मास्त्राचा सवाल. पुराव्यानिशी बोलायचं म्हणून मी एकदा दोन जाड ग्रंथ पिशवीत घालून आणले होते, त्यांच्यावरसुद्धा त्यांनी हाच सवाल टाकला. "लिवनारा तरी होता का तवा?" ग्रंथ पिशवीत परत गेले.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट हत्तीची. राजाचा हत्ती चौबाऱ्याशी आला आणि रस्त्यात बसला. माहूत थकले, सरदार थकले, चारही रस्ते तुंबले, राजधानीचा कारभार बंद पडला. शेवटी बाजाराला आलेली एक मेंढपाळाची पोरगी पुढं झाली, तिनं पदरातली भाकरी हत्तीला दिली आणि हत्ती उठला. पोरगी कुठली? जनवाड्याची, हे सांगायला नको. हत्ती कामून बसला होता, असं कुणी विचारलं तर मात्र साडू "ते काय हत्ती सांगितला न्हाई," म्हणत आणि बिदरीच्या दुकानाकडे वळत. तिथं काळ्या धातूवर चांदीची तार ठोकत बसलेल्या कारागिराला, तो ओळखीचा असो की नसो, "हौ भई, दिखाओ जरा राजधानी का माल," असं म्हणून पाहुण्यांसाठी सगळं दुकान बाहेर काढायला लावत. घेत काहीच नसत. कारागीरही बिचारा दरवेळी दाखवत असे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात लग्नाची लेक होती. एकुलती एक, शिकलेली, नाकीडोळी नीटस, आणि बघायला येणारा प्रत्येक पाहुणा तिच्या आधी चौबारा बघायला पाठवला जात होता. लातूरचं एक चांगलं स्थळ आलं. मुलाची आई उंच टाचांच्या चपला घालून आणि भरजरी साडी नेसून आली होती. मुलाचे वडील समजुतीच्या सुरात म्हणाले, "गाडीतूनच एक चक्कर मारू की." साडू म्हणाले, "गाडीतून रस्ता दिसतो. राजधानी पायानं बघायची असती." ती गाडी तशीच लातूरला गेली. दुसरं स्थळ फेरीला निघालं, पण मुलगा सगळा वेळ मोबाइलमध्ये. साडूंनी त्याला अर्ध्या फेरीतून शिट्टी मारून बाहेर काढला. अक्का त्या दिवशी पदर तोंडाला लावून रडली. "पोरीला घरातच म्हातारी करताव का?" साडू तिच्या शेजारी बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "जो मानूस तिच्या गावात अर्धा तास चालत न्हाई, त्यो जन्मभर तिच्यासंगं चालंल का? तू सांग मला." अक्का डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मी मात्र इतिहासाचा माणूस असल्यामुळे बोलत राहिलो.

तिसरं स्थळ मी आणलं. निलंग्याचं, मुलगा जनावरांचा डॉक्टर. यावेळी अक्कानं कसलाच धोका पत्करला नाही. शिट्टी कपाटात कुलूपबंद केली आणि साडूंना देव्हाऱ्यापुढं बसवून मैलाराचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा उचलायला लावला. त्यांच्या घरात भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आज चौबाऱ्याचं नाव तोंडातून काढणार नाही, अशी शपथ साडूंनी कपाळाला पिवळं बोट लावून घेतली. मग पाहुणे आले तेव्हा ते खुर्चीत असे बसले होते की कुणाला वाटावं, घरात काही वाईट घडलंय.

चहा झाला, पाऊसपाणी झालं, मुलाच्या आत्यानं भिंतींचे पोपडे बघून घेतले. आता मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन यायची. मुलगी आली, पण रिकाम्या हातानं. पायात चपला. नमस्कार करून म्हणाली, "पोहे झाकून ठिवलेत. आधी चौबारा बघून येऊ." अक्काच्या हातातला तांब्या सुटला. "अगं, अप्पानं भंडारा उचललाय!"

"अप्पानं उचललाय. मी न्हाई उचलला."

आत्याबाई ताठ झाल्या. "आधी फिरायचं, मग खायचं. ही कुठली रीत म्हणायची?"

"आमच्या घरची," पोरगी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मी तिच्या बापाला ओळखत होतो, त्यामुळे मला पुढचं कळून चुकलं. मी मुलाकडे बघितलं. तो खाली वाकून बूट घालत होता.

मग ती पुढं, पाहुणे मागं आणि सगळ्यात मागं तोंड घट्ट मिटलेले साडू, अशी फेरी निघाली. शिट्टी नसल्यामुळे पोरगीनं नुसत्या हातानं रिक्षा थांबवल्या. मंठाळचा चहा झाला. हत्ती बसला, भाकरी आली. साडू मागून नुसतेच हातवारे करत होते. आत दाबलेला सगळा इतिहास त्यांच्या कानशिलावर लाल होऊन आला होता. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरनं अगदी गंभीरपणे विचारलं, "हत्ती एका भाकरीवर उठला? हत्तीला ती कशी पुरंल?"

पोरगी अडली. साडूंनी एकदा आभाळाकडे बघितलं. शपथ चौबाऱ्याच्या नावाची होती, भाकरीची नव्हती. "टोपलंभर व्हत्या!" ते ओरडले. "टोपलंभर भाकरी आन् वर ताक!" मुलाचे वडील रस्त्यात पोट धरून हसले. परत आल्यावर पोहे गारढोण झाले होते. आत्याबाईंनी दोनदा मागून घेतले आणि लग्न ठरलं.

लग्न जनवाड्यात, थाटात झालं, पण पोरीनं पाठवणी बोळातल्या घरूनच व्हायला हवी, असा हट्ट धरला. फुलांनी सजवलेली गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती. ती शालू सावरत आली, गाडीचं दार उघडलेलं बघितलं आणि बापाचा हात धरून म्हणाली, "अप्पा, एक फेरी." सगळं वऱ्हाड मागून निघालं. साडूंनी शिट्टी तोंडाला लावली, पण वाजली नाही; फुंकर नुसतीच ओठांतून गेली. ते बुरुजाशी थांबले, वर बोट केलं आणि बोट तसंच राहिलं. मंठाळ आलं नाही, शत्रू आला नाही. हत्तीच्या जागेवर आलो तरी त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला ती गोष्ट ऐकल्याशिवाय जायचं नव्हतं, हे कुणाही आंधळ्याला दिसलं असतं. सारं वऱ्हाड खोळंबलं. मागं रिक्षांचे भोंगे सुरू झाले.

तेव्हा मी पुढं झालो. आयुष्यभर पुराव्याशिवाय वाक्य न बोललेला माणूस मी. हात आडवा करून रिक्षा थांबवल्या आणि म्हणालो, "हितं राजाचा हत्ती बसला होता. कामून बसला? कारण त्या दिवशी राजाची लेक सासरी निघाली होती, आणि तिला घेऊन जायचं हत्तीवर आलं होतं. हत्ती म्हणाला, मी उठत न्हाई. लोकांनी लाख समजावलं. शेवटी लेकच खाली उतरली, तिनं आपल्या हातानं भाकरी दिली आणि म्हणाली, मी पुन्हा येनार हाय. तवा उठला."

साडूंनी उपरण्यानं तोंड पुसलं. 

"हे तर मला ठाव न्हवतं," ते म्हणाले. "कोन सांगितलं तुमाला?"

"मी होतो की तवा," मी म्हणालो.

पोरगी रडता रडता हसली. साडूंनी शिट्टी पुन्हा तोंडाला लावली. या वेळी ती वाजली, आणि आम्ही सगळे उरलेली फेरी चालू लागलो.