आज संध्याकाळपर्यंतची शपथ

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा दारू पिऊन गाडी चालवताना दोनदा पकडला गेला. पहिल्यांदा एका लग्नाहून परतताना, मित्राच्या पिकअपवर. दुसऱ्यांदा भरलेल्या ट्रकवर, सकाळी दहाला, जबलपूरबाहेरच्या अंधमूक बायपासच्या अलीकडे. आदल्या रात्रीची अजून उतरली नव्हती. लायसन्स सहा महिने निलंबित झालं आणि परत मिळालं. दोन्ही नोंदी मात्र राहिल्या. लायसन्सचा नंबर टाकला की मोबाइलवर दिसतात.

मी जबलपूरच्या एका हिंदी दैनिकात वीस वर्षं डेस्कवर होतो. ‘नशे में धुत चालक’ हे शब्द मी किती बातम्यांत घातले ते सांगता येणार नाही. चालक खरंच धुत होता का, हे मी एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा पकडला गेल्यानंतर दीड वर्ष बहिणीचा नवरा प्यायला नव्हता. ही माहिती बहिणीची. दुसरं सूत्र माझ्याकडे नव्हतं. या काळात तो सदर बाजारात ई-रिक्षा चालवायचा. चौदा चाकांची गाडी चालवलेला माणूस. ‘कसं चाललंय जावईबापू?’ असं मी विचारलं की म्हणायचा, ‘खेळणं फिरवून राहिलो, दादा.’

त्याला ट्रक हवा होता, आणि ट्रकमध्येही नागपूरची लाइन, लांबची ठरलेली फेरी. मी त्याच्यासाठी फाइल तयार केली. लायसन्स, कोर्टात दंड भरल्याची पावती, डॉक्टरचा दाखला, जुन्या मालकाचं पत्र. आम्ही चार ट्रान्सपोर्टवाल्यांकडे गेलो. एकाने त्याला अरुंद फाटकातून ट्रक मागे घ्यायला लावला. त्याने एका दमात घेतला. मालक खूश झाला, चहा मागवला, मग मोबाइलवर नंबर टाकला. चहा येईपर्यंत त्याचा चेहरा बदलला होता. ‘बुरा मत मानना भैया. कल को कुछ हुआ तो बीमावाले यही रिकॉर्ड दिखाकर हाथ झाड़ लेंगे.’ चौघांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. ते चूक बोलत नव्हते.

पाचवा रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतला. सहा ट्रक, पत्र्याचं ऑफिस, दारात तुळशीची कुंडी. टेबलामागच्या फळीवर देवीची तसबीर आणि तिच्यापुढे झाकलेला तांब्याचा लोटा. मालक साठीचा, शांत. त्याने माझी फाइल उघडलीच नाही.

‘कागज़ रहने दो, पत्रकार साहब. पीता है?’

‘नहीं,’ मी म्हणालो.

‘आपसे नहीं पूछा.’

‘नहीं पीता,’ जावई म्हणाला.

मालक हसला. ‘जो मेरी गाड़ी पलटाकर गया, वो भी नहीं पीता था. इसी लोटे पर हाथ रखकर बोला था.’ तेव्हापासून त्याने रीत बदलली होती. लोट्यात ग्वारीघाटाहून आणलेलं नर्मदेचं पाणी असायचं. शपथ ड्रायव्हरची घ्यायची नाही, त्याच्या घरच्या बाईची घ्यायची. बायको नसेल तर आईची. तिने ओंजळीत पाणी घेऊन सांगायचं की माणूस वर्षभर दारूला हात लावणार नाही, आणि पाणी तुळशीत सोडायचं. त्याच्या पाचही ड्रायव्हरांच्या घरच्यांनी ते केलं होतं. ‘मैया का पानी लेकर औरत झूठ नहीं बोलती,’ तो म्हणाला. हे त्याचं मत होतं.

बहीण ऑफिसवाल्यांना डबे पुरवते. दुसऱ्या दिवशी डबे देऊन ती आमच्याबरोबर आली. वाटेत मी तिला समजावलं की हे नुसते शब्द आहेत, म्हण आणि मोकळी हो.

‘तुझ्यासाठी शब्द असतील, दादा. तू रोज छापायचास.’

ऑफिसात तिने पदर खोचला, ओंजळ पुढे केली. मालकाने पाणी ओतलं. ती बोलेना. ओंजळीतून थेंब गळायला लागले.

‘बोलो दीदी.’

‘कल रात मेरे सामने खाना खाया. सुबह चाय पी. आज शाम तक नहीं पीएँगे, इतना मैं बोलती हूँ.’

‘आज का नहीं, साल भर का.’

‘साल भर का मैं काहे से बोलूँ? मैंने देखा है क्या?’

‘बाकी सबकी घरवालियों ने खाई है साल भर की कसम.’

‘उनको पता होगा.’

मालक आमच्याकडे बघत होता. जावई खाली बघत होता. मग मालक म्हणाला, ‘आज की खाओगी तो रोज़ आना पड़ेगा.’ तो तिला घाबरवण्यासाठी बोलला असावा.

‘आऊँगी,’ ती म्हणाली, आणि पाणी तुळशीत सोडलं.

अशी नोकरी लागली. रोज सकाळी तो सायकलवर रिछाईला जायचा. मागून ती स्कूटीवर यायची, ओंजळ धरायची, संध्याकाळपर्यंतचं बोलायची. मग मालक चावी द्यायचा. संध्याकाळी चावी परत. त्यामुळे त्याला फक्त जवळपासच्या खेपा मिळाल्या. भेडाघाटकडून दगडाच्या भुकटीची पोती आणायची, ती रिछाईतल्या कारखान्यांत उतरवायची. कधी रेल्वेच्या मालधक्क्यावर. नागपूरचा रस्ता तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडतो. त्याचा ट्रक त्या पुलापर्यंत कधी गेला नाही.

बाकीच्या ड्रायव्हरांनी टोमणे मारले. ‘आज की मोहर लग गई, भैया?’ असं विचारायचे. तो हसायचा. घरी मात्र बोलणं कमी झालं होतं. बहिणीचे डबे रोज उशिरा पोहोचत होते, तिला माहेरी राहता येत नव्हतं. दोन दिवस ताप आला तर ती तापात स्कूटी घेऊन गेली. भांडण करता येत नव्हतं, कारण सकाळी शपथ घ्यायची असायची. ती एकदा म्हणाली, ‘ते जेवताना मी ताटाकडे नाही, तोंडाकडे पाहते. त्यांना समजते. काय करू?’

आठव्या महिन्यात तिची स्कूटी दुरुस्तीला होती म्हणून मी तिला रिछाईला सोडायला गेलो. जावई आधीच पोहोचला होता. आवारात नागपूरचा माल भरलेला ट्रक उभा होता. त्या लाइनचा ड्रायव्हर काम सोडून गेला होता.

मालकाने बहिणीला बसायला खुर्ची दिली. तसं तो करत नसे. ‘दीदी, आठ महीने देख लिया. इतने सलीके से कोई नहीं चलाता. नागपुर की लाइन इसको देता हूँ. आना-जाना तीन दिन. तुम तीन दिन की कसम खा लो. फिर रोज़ का चक्कर खत्म, हर फेरे से पहले आना.’ मग जावयाकडे वळून म्हणाला, ‘आज नहीं लिया तो दूसरे को पक्का दे दूँगा. बार-बार नहीं पूछूँगा.’

जावई दारातून ट्रककडे बघत होता. त्याने आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने त्याच्या चाकांतली हवा तपासली होती, हे मला नंतर कळलं.

मी बहिणीला मराठीत म्हणालो, ‘घे ना. तीनच तर दिवस आहेत.’

तिने ओंजळ पुढे केली. मालकाने पाणी ओतलं. या वेळी ती थांबली नाही. ‘तीन दिन तक,’ तिने सुरुवात केली.

‘नको,’ जावई म्हणाला. त्याने तिच्या ओंजळीखाली हात धरला. ‘नको बोलू.’

‘काहून?’

‘तिकडे मी एकटा राहीन. ढाब्यावर झोपीन. पिणं पहिल्यांदा सुरू झालं ते तिकडेच. दीड वर्ष आणि हे आठ महिने, एकही रात्र मी तुझ्याशिवाय राहिलो नाही. मला नाही माहीत.’

‘मग रोज मीच येत राहू काय?’ तिचा आवाज चढला. ‘तुम्हाला समजते का मी कशी येते?’

‘समजते.’

मालकाला मराठी येत नव्हतं. ‘क्या बोल रहा है?’ त्याने मला विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. वीस वर्षं मी हेच काम केलं होतं. मालकाने ट्रकचे कागद ड्रॉवरमध्ये ठेवले.

‘भेड़ाघाट?’ त्याने विचारलं.

‘हाँ,’ जावई म्हणाला.

बहिणीच्या ओंजळीत आता जेमतेम घोटभर पाणी उरलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही. ‘आज शाम तक,’ ती म्हणाली, आणि तुळशीपाशी गेली. मालकाने चावी दिली.

परतताना ती गाडीत एकच वाक्य बोलली, ‘डबे आता सकाळी सहालाच भरायला पाहिजेत.’ ती सहाला भरते. नागपूरची लाइन दुसऱ्याकडे गेली. तिची रोजची रिछाईची फेरी चालू आहे. रविवारी सुट्टी असते.