भारी नव्हे, भारानी वाट

धुळ्याहून चाळीसगावला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत सायकल चढवताना एक शेंगदाणेवाला भाऊ हातभार लावायला आला. सायकल दाराशी नीट टेकवून झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, सायकल लिसन कथा चालनात?" (सायकल घेऊन कुठे निघालात?)

"खडकदऱ्याला. डोंगरावर वाटा आखायला," मी ऐटीत सांगितलं.

"डोंगरवर वाटा तं पहिलेच शेतस!" (वाटा तर आधीच आहेत!) तो हसत म्हणाला. "तुम्ही आते काय आखशात?"

मी त्याला नकाशाची सुरळी दाखवली आणि शेंगदाण्याची पुडी घेतली. देवपूरच्या शाळेत भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. नकाशाबद्दल मला कुणी शंका विचारली की माझ्या नाकाचा शेंडा आपोआप वर जातो. शिवाय यावलपासून चाळीसगावपर्यंत सगळा खानदेश मी सायकलवर पालथा घातलेला. खडकदऱ्याच्या सरपंचांनी, पोपटनानांनी, चालायच्या आणि सायकलच्या वाटांचं जाळं आखून मागितलं तेव्हा मी एका पायावर तयार झाले. आता उद्या, रविवारी, पहिली सायकलफेरी होती. चाळीसगावची सायकलवाली मंडळी सकाळीच येणार होती.

चाळीसगाव सोडलं की थोड्या वेळाने डोंगर पुढ्यात येतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. पुढे चढ लागतो, दम लागतो, आणि दम लागतोय हे कुणाला कळू नये म्हणून मी फोटो काढायला थांबते. खडकदरे म्हणजे डोंगराच्या कुशीतलं बाजारगाव. चावडीजवळ पोपटनाना उभेच होते. त्यांनी आधी पानावर बसवलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाच्या पिठाची) आणि असा ठेचा की कानातून वाफा निघाव्यात. वाहवा! त्या भरितासाठी मी अजून दहा डोंगर आखून देईन.

जेवण झाल्यावर नानांनी रंगवलेला बोर्ड दाखवला. 'भारी वाट. फक्त सायकलींसाठी. उतार.' खांबासकट तयार. नाव मीच दिलेलं. मागच्या खेपेला पाहणी करताना डोंगरावर एका गुराख्याला विचारलं होतं, "आबा, ही कुठली वाट?" वारा सुसाट होता. आबा काहीतरी बोलले, मला ऐकू आलं 'भारी वाट'. आणि वाट होतीच तशी! वळणावळणाने हळूहळू उतरणारी, कुठे खडक नाही, कुठे घसरण नाही. मी लगेच लिहून घेतलं. धुळ्याच्या बाईला अहिराणी कुणी शिकवावी?

दुपारी म्हटलं, उद्याच्या आधी एकदा उतरून पाहू. मागच्या डांबरी रस्त्याने पठारावर चढले आणि भारी वाटेवर सायकल सोडली. काय सांगू, पन्नाशी उलटलेल्या बाईने ओरडू नये, पण मी ओरडले. तिसऱ्या वळणावर समोर गवताचा केवढा तरी भारा वाट भरून चालला होता. मी घंटी वाजवली. भारा ना वळला ना सरकला. दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकलसकट घाणेरीत जाऊन पडले.

भाऱ्याखालून आवाज आला, "कोन शे वो मांगे?"

"सायकल! घंटी ऐकू आली नाही का?" मी काटे काढत तणतणले.

भारा सावकाश, अख्खा वळला. खाली एक सुरकुतलेली म्हातारी. जमनाअक्का. "घंटी ऐकी. पन जवय भारा डोकावर ऱ्हास, तवय मान वळस का? माले मांगे दिखस नही, तुले पुढे तं दिखस ना!"

मी सायकल घाणेरीतून ओढून काढली. मग तिने आधी पायाखाली, नंतर पलीकडच्या खड्या चढाकडे हात केला. "हाई भारानी वाट शे. रिकामी वाट तथी शे."

भारानी वाट. ओझ्याची वाट! भारी कसली, डोंबल माझं. गावातल्या बायका सकाळी रिकाम्या डोक्याने पलीकडच्या खड्या, जवळच्या वाटेने वर जातात आणि दुपारनंतर भारे घेऊन या वाटेने उतरतात. म्हणून हिला खडक नाहीत, म्हणून हिचा उतार सोसवतो. कितीतरी बायकांच्या पायांनी, डोक्यावर ओझं घेऊन, ती आखली होती. आणि मी तिच्यावर 'फक्त सायकलींसाठी' लिहून मोकळी झाले होते.

अक्काचा उजवा गुडघा धड वाकत नाही. रिकाम्या वाटेने ती हात टेकून चढते, पण ओझं घेऊन तिथून उतरणं जमायचं नाही. घरी एक म्हैस, तिच्या दुधावर चूल. ही वाट गेली तर चारा बंद.

"मला देऊन बघ अक्का," मी म्हटलं. तिने भारा माझ्या डोक्यावर चढवला. दहा पावलांत माझी मान खांद्यात रुतली, नजर फक्त अंगठ्यांपुढच्या हातभर जमिनीवर. तेवढ्यात अक्काने मागून जोरात "ट्रिंग ट्रिंग!" केलं. मला वळता येईना. मग आम्ही दोघी हसलो, पण मला माझी लाज वाटत होती.

संध्याकाळी चावडीवर मी उभं राहून सांगितलं, "चूक माझी. ही वाट सायकलच्या उताराला देता येणार नाही."

पोपटनानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ताई, बोर्ड तयार आहे, सकाळी पाहुणे येताहेत. उताराची मजा नसेल तर येणार कोण? बायका थोड्या बाजूला होतील की."

"नाना, भारा डोक्यावर घ्या आणि व्हा बाजूला," मी म्हटलं.

तोडगा चावडीच्या पायरीवर बसलेल्या अक्कानेच काढला. "सायकल बी भारच शे ना. चढतानी ढकलनीच पडस. सकायले आम्ही तठे नही ऱ्हातस, तवय चढा."

बस्स! सकाळी सायकली भारानी वाटेने चढतील, डांबरी रस्त्याने उतरतील. दुपारनंतर तिथे एकही चाक नाही. पेंटरने 'री'ची वेलांटी पुसून काना दिला, 'नी' कोंबला, बाकीचं नव्याने लिहिलं.

रविवारी मंडळी थोडी कुरकुरली, पण चढली. मी सगळ्यांच्या पुढे होते, हेही सांगून ठेवते. दुपारी सायकली गेल्यावर आम्ही बोर्ड रोवायला गेलो. खांब निम्मा कापून बोर्ड गुडघ्याएवढ्या उंचीवर लावायला मी सांगितलं. पेंटर म्हणाला, इतका खाली कोण वाचणार?

तेवढ्यात वरून जमनाअक्का आली. डोक्यावर भारा, नजर जमिनीवर. बोर्डापाशी थांबली आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, "भा-रा-नी वा-ट." मग म्हणाली, "आते बराबर शे," आणि सावकाश उतरत गेली.

परतीच्या गाडीत तोच शेंगदाणेवाला भेटला. माझ्या हातांवरचे ओरखडे बघून त्याने विचारलं, "काय ताई, आखी उनात का वाटा?" (आखून आलात का वाटा?)

"नाही रे भाऊ," मी म्हटलं. "विचारून आले."