आत्याच्या कोंबड्यांचं सोवळं

फोन आला तेव्हा मी सिटी सेंटरच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला उभी होते. पलीकडून भाचा, समीर. "आत्या, बडी आत्या गेली... सुबह-सुबह, झोपेतच." बडी आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या, कमलाबाई. वय वर्षं ब्याण्णव. माझंही वय काही कमी नाही, त्यामुळे रडू लगेच यायला हवं होतं. पण खरं सांगते, रिक्षात बसून इंदरगंजच्या माहेरच्या घराकडे निघाले आणि मला आठवल्या त्या तिच्या कोंबड्या. पदर तोंडावर धरून मी हसले. रिक्षावाल्याला वाटलं म्हातारी रडतेय, त्याने बिचाऱ्याने रिक्षा हळू केली. आज महिना उलटला तरी तिचं नाव निघालं की आधी हसूच येतं.

आमचं घराणं शिंद्यांच्या दरबारातल्या पूजाअर्चेतलं. आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, मॅट्रिक झाली आणि संस्थानाच्या जनान्यातल्या देवघराची व्यवस्था बघायला लागली. तिचं सोवळं म्हणजे आमच्या घरावरची आफत होती. ओल्या लुगड्यात स्वयंपाक, कुणी चुकून चुलीपाशी गेलं तर पुन्हा अंघोळ. आम्ही मुलं मुद्दाम तिला शिवायचो आणि मार खायचो. मग संस्थान विलीन झालं, देवघरातल्या माणसांची गरज कुणाला उरली नाही आणि आत्या 'जादा कर्मचारी' झाली. बरेच दिवस एका कार्यालयात नुसती बसून असायची. एक दिवस नव्या खात्याचा हुकूम आला. कुठल्याशा कारकुनाने एका यादीत पाहिलं, महिला, मॅट्रिक. दुसऱ्या यादीत पाहिलं, रिकामी जागा, महिला प्रशिक्षिका. दोन्ही जुळवून तो मोकळा झाला. विषय काय होता हे त्याने बघितलं नसावं, किंवा बघून गालात हसला असावा. ग्रामीण महिलांना कुक्कुटपालन शिकवायचं होतं! जिने जन्मात अंडं पाहिलं नव्हतं, तिने.

घरात हलकल्लोळ झाला. वडील म्हणाले, राजीनामा दे. आत्या म्हणाली, देवघर गेलं, आता भावाच्या ताटात जेवत बसू का? आणि गेली. शिंदे की छावनीतल्या एका रिकाम्या पागेत केंद्र होतं. घोडे गेले होते, तिथे जाळ्या ठोकून कोंबड्या ठेवल्या होत्या, आणि मुरारपलीकडच्या खेड्यांतून आलेल्या बारा बायका शिकायला बसल्या होत्या. पहिल्या दिवशी आत्याने पदराच्या टोकात अंडं धरलं, तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि त्या बारा जणी खो खो हसल्या. त्यांना तिच्यापेक्षा जास्त येत होतं. संध्याकाळी ती नळाखाली लुगड्यासकट बसली आणि न जेवता झोपली.

मी तेव्हा कॉलेजात सायन्सला होते. खात्याने दिलेलं इंग्रजी पुस्तक मी तिला रोज वाचून समजावायची, ती वाती वळत ऐकायची. एकदा रोगांचं प्रकरण निघालं. मानमोडी आली की खुराडीच्या खुराडी मरतात, आणि ती येते कशातून, तर माणसाच्या जोड्यांतून, कपड्यांतून, पाण्याच्या भांड्यांतून. बाहेरून आणलेलं पाखरू आधी वेगळं ठेवावं, ज्याने आजारी पाखराला हात लावला त्याने आत येऊ नये... आत्याच्या हातातली वात तशीच राहिली. "अगं, हे तर सोवळं आहे," ती म्हणाली. "हे मला येतं."

आणि मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून पागेला उंबरठा आला. बाहेरचं लुगडं बाहेर खुंटीला, आतलं धुतलेलं वेगळं. चुन्याच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही. प्रत्येक खुराड्याचं भांडं निराळं. नवं पाखरू एकवीस दिवस बाजूला. जिथे कोंबडी मेली त्या घरून आलेल्याने दहा दिवस आत यायचं नाही. बायका आधी कुरकुरल्या, मग त्यांना त्याची गोडी लागली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उंबरठ्याबाहेर उभं राहिलेल्या बायका त्या. त्यांतली सर्वांत कडक निघाली भगवती, वीस-बावीस वर्षांची, नवऱ्याने टाकलेली. भावाकडे राहायची आणि वहिनीने साफ सांगितलं होतं, हाती काही घेऊन आलीस तर ये, नाहीतर सासरची वाट धर. सासरी तिला मारायचे. शिक्षण संपलं की प्रत्येकीला दहा कोंबड्या आणि एक कोंबडा मिळणार होता, त्यावर तिचं सगळं होतं. तिने एकदा आत्याला विचारलं होतं, तो बाईजी, यहाँ हम भीतरवाले हैं? आत्या भांडी मोजायला लागली. कारण हीच भगवती निरोप घेऊन इंदरगंजला आली की आत्या तिला अंगणात उभी करून वरून ओंजळीत पाणी ओतायची. मीही ते बघायची आणि मला त्यात काही वाटायचं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या शहरातली कार्यालयं एकेक करून गाड्यांत भरली जाऊ लागली. आत्याच्या केंद्राचंही पत्र आलं. खात्याचे साहेब येऊन बघतील आणि ठरवतील. केंद्र बंद झालं तर पाखरं भोपाळला जाणार आणि बायका रिकाम्या हाताने घरी. नेमकी त्याच आठवड्यात जिल्ह्यात मानमोडी शिरली. साहेब आले ते जीप घेऊन, आणि आत्याला म्हणाले, आधी जिल्ह्यातलं दुसरं केंद्र दाखवा. हुकूमच तो, ती जीपमध्ये बसली. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी पागेपाशी तिचा डबा घेऊन उभी होते. दुपारी जीप आली. ड्रायव्हर उतरताच सांगू लागला की तिकडे कोंबड्या पटापट मान टाकतायत, साहेबांनी हातात घेऊन पाहिल्या, तुमच्या बाईंनीही पाहिल्या. भगवतीने ते ऐकलं आणि ती दारात येऊन उभी राहिली. साहेब पुढे झाले.

"साहब, आप भीतर नहीं आ सकते," भगवती म्हणाली. मग तिने आत्याकडे बघितलं. "और बाईजी... दस दिन तुम भी नहीं."

मला वाटलं, संपलं सगळं. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, तपासणीत अडथळा आणला असं लिहीन, आजच कुलूप लागेल. मग आत्याला म्हणाले, तुमची शिकाऊ बाई तुम्हालाच अडवते? हटवा तिला. आत्याने एक शब्द उच्चारला असता तर भगवती बाजूला झाली असती. आत्या बाहेरच्या दगडावर बसली. अंगावरचं लुगडं आवरून, अगदी स्वस्थ. आणि म्हणाली, "साहब, निरीक्षण हो गया. इससे ज्यादा मैं किसी को कुछ सिखा नहीं सकती."

साहेब दारापासून मागे सरले. मग त्यांनी जाळीच्या बाहेरूनच पाखरं बघितली, भगवतीला आतून दहा प्रश्न विचारले, तिने बारा उत्तरं दिली. जिल्ह्यात मानमोडीतून तेवढी आमची पागा वाचली! बाराही जणींना आपापली पाखरं मिळाली, केंद्र राहिलं, आणि भगवतीला तिथेच सहायिकेची जागा मिळाली. वहिनी स्वतः तिला घ्यायला आली होती, ती गेली नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आत्या घरी आली ती नवी साडी मिळालेल्या मुलीसारखी. "तिने मला, मला अडवलं, अस्सं दारातून!" असं दहादा सांगून झालं. मग देवापुढचा दिवा लावून ती माझ्याजवळ येऊन बसली. "तिने मला बाहेर ठेवलं त्याला कारण होतं गं," ती म्हणाली. "मी तिला इतके दिवस अंगणात ठेवते, त्याला काय होतं?"

पुढच्या खेपेला भगवती आली तेव्हा आत्याने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पाटावर बसवलं. वडील चार दिवस बोलले नाहीत. आत्याने त्या चार दिवसांत त्यांच्या आवडीचं सगळं रांधून घातलं, पण भगवतीचा पाट हलवला नाही.

आत्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भगवती आली. नातवाच्या मोटरसायकलवर, काठी टेकत, या वयात! समीरच्या बायकोने तिला हळूच समजावलं की घरात सुतक आहे, तुम्हाला चहापाणी विचारता येत नाही. भगवतीने चपला काढल्या, पाय धुतले.

"सूतक मुझे भी लगा है, बेटा," ती म्हणाली आणि सरळ आत्याच्या स्वयंपाकघरात गेली. आदल्या दिवसापासून कुणी जेवलं नव्हतं. तिने भाताचं आधण ठेवलं. डाळ कुठल्या डब्यात, मीठ कुठल्या बरणीत, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.