गोजू-र्‍यूचं मूळ आणि माझी कंबर

काय सांगू तुम्हाला, इथे इंग्लंडात आमच्या ब्रॅकनेलमध्ये एक चर्च हॉल आहे, त्याच्यासमोरून जायची माझी आता छातीच होत नाही. पार राउंडअबाऊटला वळसा घालून जातो. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही हो मी!

कराटे मी नाही, माझी बायको सुनंदा शिकते. पन्नाशीतली हौस! मी नुसता ड्रायव्हर. खुर्चीत बसून चहा प्यायचा, बस्स. पण गप्प बसेन तर तो मी कसला?

तिचे सर गॅरी, रिटायर्ड पोस्टमन. देवमाणूस. एकदा मला प्रेमानं समजावत होते, की त्यांची शैली गोजू-र्‍यू. 'गो' म्हणजे कठीण, 'जू' म्हणजे मऊ. ओकिनावा बेटावरची जुनी विद्या आणि चीनहून आलेली विद्या, दोन्हींच्या मिलाफातून घडलेली.

"आणि चीनला कुठून गेली?" मी म्हणालो. "आमच्याकडून! एक भारतीय साधू घेऊन गेला."

ऐकीव दंतकथा हो, व्हॉट्सॲपवर आलेली! पण गॅरीचे डोळे विस्फारले. "रिअली? मग तुम्हाला ते मूळचं येत असेल?"

'नाही' म्हणायला काय धाड भरली होती मला? म्हणालो, "थोडंफार. घराण्यातच आहे."

घराण्यात! आमच्या घराण्यात फक्त मूळव्याध आहे!

पुढे सुनंदाच्या ब्राऊन बेल्टची परीक्षा आली. परीक्षक थेट ओकिनावाचे, ऐंशीच्या घरातले गुरुजी. हॉल खचाखच भरलेला. आणि गॅरी माइकवर म्हणतात, "आज आपल्याला मूळ भारतीय विद्या पाहायला मिळणार आहे. प्लीज वेलकम, डॉक्टर!"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. "अहो, काय सांगून ठेवलंय तुम्ही?"

"काही नाही गं, जरा बोलता बोलता..."

"माझी परीक्षा आहे आज!"

गुरुजी स्वतः उठून उभे राहिले. आता पळणार कुठे? बूट काढून मोज्यांवरच मॅटच्या मधोमध गेलो. ठरवलं, एक सूर्यनमस्कार घालू आणि सुटू. हात जोडले, वर नेले, खाली वाकलो आणि कट्! कंबर धरली.

मी हाडांचा डॉक्टर बरं का! जगाला सांगत असतो, जपून वाका!

कराटेची सुरुवात नमस्कारानं आणि शेवटही नमस्कारानं, असं त्यांचं तत्त्व. गुरुजींना वाटलं, मी वंदन करतोय. तेही वाकले. ते वाकले म्हणून गॅरी वाकले, आणि मग सगळा हॉल. आता मी उठेना, म्हणून गुरुजी उठेनात. आणि गुरुजींच्या आधी मान वर करायची कुणाची टाप? अख्खा हॉल काटकोनात!

मी कण्हलो. गुरुजी आणखी वाकले. मी पुन्हा कण्हलो. ते पुन्हा आणखी खाली! ऐंशीचा माणूस माझ्यापायी मोडतोय की काय, या विचारानं मला घामच फुटला.

शेवटी सुनंदाच्या लक्षात आलं. ती धावत आली, मागून माझ्या पँटचा पट्टा धरला. "अहो, श्वास सोडा!" म्हणाली आणि मला अलगद मॅटवर आडवं केलं.

दुभाषी म्हणाला, "गुरुजी म्हणतात, इतका नम्र माणूस त्यांनी पाहिला नाही."

सुनंदा पास झाली, देवाची कृपा. मला चौघांनी उचलून गाडीत मागच्या सीटवर आडवं टाकलं. स्टिअरिंगवर ती. गाडी सुरू केली. मग आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाली, "लग्न झाल्यापासून कुणापुढे वाकला नाहीत. आज एकदाच वाकलात, तर सरळ करायला मी लागले!"