सत्काराला घाबरणारे डेल्मर सर

आदरणीय डेल्मर प्रूइट सरांची आणि माझी पहिली भेट अमरावतीला, आपल्या क्रीडा मंडळाच्या बास्केटबॉल मैदानावर झाली. मी तेल्हाऱ्याहून कॉलेजसाठी नुकतीच आले होते. ज्या उंचीमुळे नातेवाइकांना माझ्या लग्नाचा घोर लागला होता, तीच पाहून सरांनी मला खेळायला बोलावले. पण आठवडाभर चेंडूला हात लावू दिला नाही. गाद्या टाकून नुसते पडायला शिकवले. माझे बाबा कौतुकाने पाहायला आले, तर मुलगी धपाधप पडते आहे. "पडाले आपल्या वावरात जागा नव्हती काय?" असे त्यांनी सरांनाच विचारले. सर हसले नाहीत. परदेशात मनगट मोडलेल्या खेळाडूला पुढच्या विमानाने घरी पाठवतात, म्हणून आधी पडता आले पाहिजे, असे त्यांनी सांगितले, आणि तेही चक्क वऱ्हाडीत.

सर मूळचे अमेरिकेतल्या अलाबामाचे, एका लहानशा गावातले. तिथल्या मोठ्या लीगमध्ये त्यांची निवड झाली नाही, तेव्हा पोटासाठी त्यांनी बाहेरची वाट धरली. तुर्कस्तान, सायप्रस, लेबनॉन, फिलिपिन्स आणि शेवटी कुवेत. ऐकायला हे झकास वाटते. प्रत्यक्षात एका हंगामाचा करार, भाड्याची खोली आणि न कळणारी भाषा. संघ दोन-तीन सामने हरला की पहिल्यांदा परदेशी खेळाडू बदलतात. सर सांगतात, त्या वेळी कोणी रागावत नाही. उलट व्यवस्थापक चांगल्या हॉटेलात जेवायला नेतो, तोंडभरून स्तुती करतो, फ्रेम केलेला संघाचा शर्ट भेट देतो. सकाळी विमानाचे तिकीट हातात असते. असे शर्ट त्यांच्याकडे ढीगभर आहेत, आणि एकही भिंतीवर नाही.

कुवेतमध्ये गुडघा निकामी झाला. तिथल्या इस्पितळात अकोल्याच्या जुन्या शहरातल्या सुनंदाताई नर्स होत्या. माहेरी फुलांचा धंदा, बोलणे रोखठोक. त्यांनी सरांना आधी चालते केले आणि मग लग्नही केले. वडिलांच्या आजारपणासाठी ताई परतल्या, सर सोबत आले, त्यांना अमरावतीत मंडळाचे काम मिळाले आणि दोघे इथलेच झाले. ताईंना जाऊन आता काही वर्षे झाली. मूलबाळ नाही. अमेरिकेत ज्याच्या दारात उभे राहावे असे कोणी उरलेले नाही. दिवस कसाबसा ढकलायचा आणि संध्याकाळी मैदानावर यायचे, यावर सरांचे आयुष्य उभे आहे. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे आणि ते लपवायची माझी इच्छा नाही.

सरांची मूल्ये कोणती, यावर मी भाषण करणार नाही. एक प्रसंग सांगते. राज्य स्पर्धेच्या संघातून त्यांनी मला वगळले होते. निरोप कोणाकडूनही पाठवता आला असता. सर दुखरा गुडघा घेऊन एसटीने तेल्हाऱ्याला आले, ओसरीवर बाबांसमोर बसले आणि माझा डावा हात कच्चा आहे, म्हणून या वेळी मी संघात नाही, असे सरळ सांगितले. बाबा भडकले. मी रडले. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि उठताना म्हणाले, "संघात नाई. पन मैदान तिचंच हाय. उद्या ये." मी दुसऱ्या दिवशी गेले. आज अकोल्यात मुलींना खेळ शिकवून मी घर चालवते, ते त्या 'उद्या ये'मुळे.

आता हा गौरवग्रंथ ज्या सत्कारासाठी निघतो आहे, त्याविषयी. साठीच्या सत्काराचे आमंत्रण द्यायला मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब काही सभासदांना घेऊन सरांच्या घरी गेले, तेव्हा मीही होते. एरवी भाऊसाहेब मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून "काहून उशीर करून राह्यले?" म्हणून ओरडतात. त्या दिवशी पेढे होते, शुद्ध भाषा होती, 'आपले अमूल्य योगदान' होते. सर शांतपणे ऐकत होते. शाल-श्रीफळाचा विषय निघाला, तसे त्यांनी विचारले, "माया जागी कोन येऊन राह्यला?"

सगळे हसले. भाऊसाहेबांनी पेढ्यांचा खोका पुढे केला. बाहेर पडताना मी भाऊसाहेबांना गाठले, तर ते हळूच म्हणाले, "त्याईचं वय झालं आता. नवा कोच पाहून ठेवला. सत्कार झाला म्हंजे मानानं होऊन जाईन." भाऊसाहेब दुष्ट नाहीत. सरांना दुखवायला नको म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. दाराशी दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या आणि सर खुर्चीत बसले होते. त्यांनी पुन्हा तेच विचारले, मी खरे ते सांगितले. त्यांना आश्चर्य वाटले नाही. म्हणाले, "दर बारीले तिकीट भेटे. कुठं जाचं ते त्याच्यावर लिहेल राहे. आता मी कुठचं तिकीट मांगू?" बॅगा उघडून मी कपडे कपाटात लावून दिले. सरांनी मला अडवले नाही, पण मदतही केली नाही.

संपादक महाशय, हा मजकूर आपण गाळू शकता. पण सरांचे शिष्य अमरावतीपासून अकोल्यापर्यंत पसरले आहेत आणि हा ग्रंथ तेच वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी लिहिले. नवा कोच जरूर यावा, गुडघ्यांना विश्रांती हवीच. मात्र साठ वर्षांच्या माणसाला मैदानावरून काढायचे असेल, तर ते हाराआड लपवू नये.

डेल्मर सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही मनापासून प्रार्थना. ते आयुष्य त्यांनी संध्याकाळी कुठे जाऊन काढायचे, एवढे मंडळाने शाल घालण्याआधी त्यांना सांगावे.